गॅसबत्तीखालचा माणूस

माझ्या बापाचा फोटो घरात नाही. तो १९९६ साली गेला, तेव्हा मी बारा वर्षांचा. फोटो काढायचा तर महागावात मेन रोडवर स्टुडिओत जावं लागे. त्याला दिवसाची मजुरी बुडवायची तयारी लागे, धडका सदरा लागे, खिशात पैसे लागत. बापाकडे या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी कधी जमल्या नाहीत. घरात बाबासाहेबांचा फोटो होता, बुद्धाचा होता. बापाचा नव्हता. माय म्हणायची, "फोटो कायले पायजे बाबू? तुह्या तोंडावर हाये ना थो."

२००६ मध्ये मी एका व्हिडिओवाल्याकडे कामाला होतो. लोक लग्नाच्या जुन्या व्हीएचएस कॅसेटी आणायचे, आम्ही त्या सीडीवर उतरवून द्यायचो. कॅसेट तीन तासांची असली की तीन तास बसायचं. बुरशी लागलेली असली की मधेमधे हेड स्पिरिटनं पुसायचं. एक दिवस गावातल्या एका मोठ्या घरची १९९१ ची कॅसेट लागली. वरात. बँड. घोड्यावर नवरदेव. आणि दोन्ही बाजूंनी डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेली माणसं.

मी खुर्चीत ताठ झालो. उजव्या रांगेतला तिसरा. डावा पाय जरा ओढत चालणारा. एक हात वर, बत्तीच्या बुडाला. ती चाल मी हजार माणसांत ओळखली असती. कॅसेट थांबवली, मागं घेतली, पुन्हा लावली. चेहरा नाही. वर बत्तीचा पांढरा गोळा, त्याच्याखाली मिट्ट काळं, त्या काळ्याखाली मळका सदरा. चार सेकंद. मग कॅमेरा नवरदेवाकडे वळला तो वळलाच.

मी मालकाला म्हटलं, "भाऊ, हा चेहरा उजळून भेटन का?"

त्यांनी विचारलं, "कोन हाये?"

"माहा बाप."

ते जवळ आले. दोनदा पाहिलं. मग म्हणाले, "बाबू, कॅमेरा ऑटोवर होता. बत्तीचा उजेड मोठा, म्हून लेन्सचं भोक आपोआप बारीक झालं. बत्तीखालचं काही अंदर गेलंच नाही. जे अंदर गेलंच नाही ते उजळणार कसं?"

दोस्तहो, दिव्याखाली अंधार ही म्हण आपण शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली. मला तिचा अर्थ त्या दिवशी समजला. साऱ्या वरातीला उजेड ज्यांच्या डोक्यावरून मिळाला, त्यांच्या तोंडाचा एक ठिपकासुद्धा टेपवर नाही. कॅमेरावाल्यानं हे मुद्दाम केलं असंही नाही. त्यानं काहीच केलं नाही. यंत्रानं आपलं आपण ठरवलं. यंत्र आपोआप ठरवतं तेव्हा कोण दिसणार आणि कोण काळं होणार, हे शोधायला मी त्या दिवसापासून लागलो.

मी शूटिंग शिकलो. लग्न, साक्षगंध, वास्तू, सेंडऑफ. २००९ मध्ये तालुक्यातल्या एका गावी लग्नाला गेलो. सकाळी देवघरातली पूजा घ्यायची होती. आडनाव विचारलं. मी सांगितलं. तोंडावर कोणी काही बोललं नाही. थोड्या वेळानं एक माणूस बाहेर आला नि गोड आवाजात म्हणाला, "भाऊ, तुम्ही मंडपाचं घ्या. अंदरचं आमचा पोरगा घेईन, त्याले येते." माझा कॅमेरा त्याच्या हातात गेला. ज्या कॅमेऱ्यावर माझा घाम होता, ज्याच्या डोळ्याच्या रबराला माझी पापणी लागत होती, तो कॅमेरा देवासमोर गेला. मी पायरीवर. त्या पोरानं सारं हलवून आणलं, एकही शॉट धड नव्हता. पूजा वाया गेली आणि नंतर बोलणी मी खाल्ली.

काच बाटत नाही. हात बाटतो. एवढं साधं गणित आहे.

२०१२ मध्ये मी नांदेडहून एक जुनी लेन्स आणली. रशियन, हेलिऑस ४४-२, अठ्ठावन्न मिलिमीटर, झेनिट कॅमेऱ्यावर यायची ती. जर्मन झाइसच्या बायोटार लेन्सवरून रशियानं उतरवलेली. नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर ती बसायला धातूची एक कडी लागते, ती घेतली. सिनेमाच्या खऱ्या लेन्स, इंग्लंडातल्या लेस्टरच्या कुक म्हणा, जर्मनीच्या झाइस म्हणा, त्यांच्या एका संचाच्या किमतीत आमच्या अर्ध्या वस्तीचे स्लॅब पडतील. त्या मुंबईला दिवसाच्या भाड्यानं मिळतात. मी ती स्वप्नं पाहिली नाहीत. जुन्या काचेवर काम शिकायचं ठरवलं.

तिच्या कडीवर आकडे होते. २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. आकडा वाढतो तसं भोक लहान होतं, आणि दर पायरीला उजेड निम्मा होतो. दोनवरून दोन-पॉइंट-आठवर गेलात की अर्धा उजेड बंद. याला एफ म्हणतात. हा एफ म्हणजे नुसतं माप आहे, लेन्सची लांबी भागिले भोकाची रुंदी. कागदावरचं गणित. तेवढा उजेड खरंच आत पोचला का, हे एफ सांगत नाही.

सिनेमाच्या लेन्सवर एफऐवजी टी लिहिलेला असतो. टी म्हणजे काचेतून पार होऊन खरोखर फिल्मवर पडलेला उजेड, मोजून लिहिलेला. कारण काच उजेड खाते. ज्या काचेवर लेप नाही ती आपल्या एकेका पृष्ठभागावरून शंभरातले चार भाग मागं फेकते. हेलिऑसमधे सहा काचा, चार गटांत. म्हणजे हवा आणि काच यांच्या भेटीच्या आठ जागा. लेप नसता तर शंभर निघालेल्या उजेडातले बहात्तरच शेवटपर्यंत पोचले असते. जर्मनीत झाइसच्या स्माकुला नावाच्या शास्त्रज्ञानं १९३५ मध्ये लेपाची युक्ती काढली, म्हणून ही गळती कमी झाली. माझ्या लेन्सचा लेप घासलेला होता, एका कडेला बुरशीचं जाळं होतं. कडीवर दोन लिहिलेलं. पोचत कमीच होतं.

मी हे वाचलं तेव्हा रात्र होती. लाइट गेलेले. मी हसलो. हे तर आपलंच सारं. घटनेत लिहिलं तो एफ. वस्तीत पोचलं तो टी. कलम १७ नं अस्पृश्यता नष्ट केली, २६ जानेवारी १९५० पासून. एफ एकदम स्वच्छ. मी २००९ मध्ये पायरीवर उभा होतो, तो टी. स्कॉलरशिप मंजूर झाली तो एफ. आठ टेबलं फिरून पोराच्या हातात परीक्षा झाल्यावर पडली तो टी. प्रत्येक टेबल थोडा थोडा उजेड मागं फेकतं, आणि विचारलं तर प्रत्येक जण म्हणतो, मी तर चारच टक्के खाल्ले.

आपल्या सभांमधे आपण एफवर फार बोलतो. बाबासाहेबांनी काय दिलं ते सांगतो. सांगायलाच पाहिजे. पण टी मोजायचं काम कोणी करायचं? त्याला रोज हातात मीटर घेऊन वस्तीत उभं राहावं लागतं.

आता आमच्या तालुक्याचं सांगतो. महागाव तालुक्यात चिलगव्हाण आहे. तिथल्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ ला पवनारजवळ बायको-लेकरांसह जीवन संपवलं. महाराष्ट्रातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून ती मोजतात. २०१७ पासून त्या दिवशी अन्नत्याग होतो. म्हणून आमच्याकडे कॅमेरे येतात. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, पॅकेज जाहीर झालं, त्या काळात तर गाड्यांची रांग होती. त्या दुःखाबद्दल माझं काही म्हणणं नाही. मरण मरण आहे. मला सांगायचं ते लेन्सबद्दल.

त्या दिवसांत माय कापूस वेचत होती. रस्त्याच्या कडेला एक गाडी थांबली. माणसं उतरली. हातभर लांब लेन्स लावली आणि रस्त्यावरूनच बाया टिपल्या. अर्धा तास. वावरात कोणी आलं नाही. नाव विचारलं नाही, मजुरी विचारली नाही. संध्याकाळी माय म्हणाली, "दूरूनच काढत होते बापा. चोर वावर पाह्यते तसं."

लांब लेन्स काय करते? दूरचं जवळ ओढते. मागचं सारं धूसर करते. बाईचा चेहरा आणि पांढरा कापूस तेवढा धारदार, बाकी विरघळलेलं. दिसायला फार सुंदर. पण त्या विरघळण्यात काय काय जातं बघा. धुऱ्यावर उभा असलेला वावराचा मालक जातो. वजनाचा काटा जातो. झाडाखाली झोळीत रडणारं लेकरू जातं. वावर कोणाचं, हा प्रश्न जातो. पाहणाऱ्याला वाटतं, शेतकरी बाई आहे. माय शेतकरी नाही. तिच्या नावावर सातबारा नाही. त्याच वर्षी आमच्या वस्तीतला एक मजूर तसाच गेला. कुटुंबाच्या नावावर शेती लागते, तेव्हा मदतीचा कागद पुढं सरकतो. त्याच्या घरी कॅमेराही आला नाही आणि तलाठीही आला नाही.

काही लोक म्हणतात लेन्स चेहरा बदलते. ते खरं नाही. अंतर चेहरा बदलतं. तुम्ही कुठं उभे राहिलात, एवढंच काय ते. त्याच जागी उभं राहून लेन्स बदला, माणसं लहानमोठी दिसतील, पण त्यांचा एकमेकांशी असलेला संबंध तोच राहील. संबंध बदलायचा तर पाय उचलावे लागतात. हे मोर्चातही लक्षात ठेवा. समोरून, दूरून, लांब लेन्सनं घेतलं की पाचशे माणसं पाच हजार दिसतात, कारण मागच्या रांगा पुढच्यांना येऊन चिकटतात. उंचावरून रुंद लेन्सनं घेतलं की पाच हजार माणसांत मोकळी जमीन दिसते. उद्या पेपरात आपला मोर्चा बारीक दिसला तर चिडण्याआधी फोटोवाला कुठं उभा होता ते पाहा. आणि आपल्याच पत्रकात तो फुगलेला दिसला तर तेही पाहा. खोटं दोन्हीकडून होतं.

माझ्या हेलिऑसला झूम नाही. पाय हाच झूम. जवळचं पाहिजे तर जवळ जा. जवळ गेलं की माणूस विचारतो, कायले काढतं? मग उत्तर द्यावं लागतं.

चेहऱ्याच्या रंगाचंही एक राजकारण आहे. अमेरिकेत कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एक कार्ड द्यायची. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो. तिच्या कातडीचा रंग बरोबर आला की प्रिंट बरोबर. त्या कार्डाला शर्ली कार्ड म्हणत. जगभर फोटो त्या बाईच्या कातडीवर तोलले गेले. काळी माणसं त्यात नुसते दात आणि डोळे होऊन जायची. पुढं कोडॅकनं फिल्म सुधारली. कोणाच्या तक्रारीमुळं? चॉकलेट आणि लाकडी फर्निचरच्या जाहिराती करणाऱ्यांच्या. त्यांचे तपकिरी रंग नीट येत नव्हते. काळ्या आईबापांनी आपल्या लेकरांचे फोटो काळवंडलेले पाहून काढलेली वर्षं गेली, आणि फिल्म सुधारली चॉकलेटसाठी.

आता फिल्म नाही, पण मीटर तेच आहे. कॅमेऱ्याचं मीटर समजतं की जगातली प्रत्येक गोष्ट मधल्या करड्या रंगाची आहे, शंभरातला अठरा भाग उजेड परत फेकणारी. १४ एप्रिलला आपल्या बाया पांढऱ्या साड्या नेसून विहारासमोर उभ्या राहतात. ऊन कडक. मीटर एवढं पांढरं पाहून घाबरतं, भोक बारीक करतं. साड्या झकास येतात, चेहरे काळे ठिक्कर. गॅसबत्तीचीच गोष्ट, भरदिवसा. उलट मायच्या चेहऱ्यावर मीटर धरलं तर ते दुसरी चूक करतं, तिला करडी म्हणजे गोरी करून टाकतं. तेही खोटं. माय काळी आहे. उन्हानं, वावरानं, आपल्या आईबापाकडून काळी आहे. तिला काळवंडून टाकायचं नाही आणि गोरीही करायचं नाही. त्यासाठी ऑटो बंद करायचं. चेहऱ्यावर मोजायचं आणि मग हातानं एखादा स्टॉप खाली यायचं. पांढरी साडी जळाली तर जळू द्यायची. कोण नीट दिसलं पाहिजे हे आपण ठरवायचं.

आपल्या लोकांनी हे आधी ठरवलेलं आहे. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत बाबासाहेब गेले. ७ तारखेला मुंबईत राजगृहापासून दादर चौपाटीपर्यंत लाखो माणसं चालली. ती अंत्ययात्रा चालत्या चित्रात राहिली पाहिजे, हे ज्यांना सुचलं त्यांत नामदेवराव व्हटकर होते. लेखक, सिनेमावाले. त्यांनी आपला छापखाना गहाण टाकला आणि कॅमेरा, फिल्म उभी केली. सुमारे तीन हजार फूट फिल्म. पस्तीस मिलिमीटरची हजार फूट फिल्म अकरा मिनिटांत संपते, म्हणजे सारं मिळून जेमतेम अर्धा तास. त्या अर्ध्या तासासाठी माणसानं पोटाचं साधन गहाण ठेवलं. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, आणि आपण त्यात काय भरतो ते आपलं आपल्याला ठाऊक.

आणि नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३). मी तो नांदेडला जाऊन पाहिला. डुक्कर खांद्यावर टांगून ते कुटुंब चालतं, मागं शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, फुले, सावित्रीबाई रंगवलेले. शेवटी जब्या दगड भिरकावतो. तो दगड सरळ लेन्सकडे येतो आणि पडदा काळा होतो. थिएटरात माझ्या बाजूचा माणूस खाली वाकला. मी वाकलो नाही. मला वाटलं, हा दगड त्या हातभर लांब लेन्सवर आला आहे. नंतर बसमधे वाटलं, माझ्याही लेन्सवर आला आहे. मी कोणत्या लग्नात कोणाच्या डोक्यावरची बत्ती टिपली आणि तोंड सोडून दिलं, आठवत बसलो. आठवलं. वाढपी आठवले. बँडमधला म्हातारा क्लॅरिनेटवाला आठवला. मीही नवरदेवाकडेच वळत होतो. पैसे नवरदेवाचे होते.

त्याच वर्षी, १४ एप्रिल २०१४ ला, मी एकही लग्न घेतलं नाही. वस्तीतली जयंती घेतली. हेलिऑस लावली. मायला दारात बसवलं आणि सवयीनं मागं मागं सरकत गेलो.

ती म्हणाली, "कुठं चालला? जवळ ये ना. चोरी हाये का?"

मी जवळ गेलो. हातानं मोजलं, हातानं ठेवलं. तिनं पुढं मला कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर स्वतःला पाहिलं. बराच वेळ. मग म्हणाली, "हे मीच हावो." एवढंच.

आठ दिवसांनी विहाराच्या भिंतीला चादर लावून ती फिल्म दाखवली. सुरुवातीला मी बापाचे ते चार सेकंद जोडले होते. सावकाश करून, आवाज बंद. कोणाला सांगितलं नव्हतं. पांढरा गोळा, काळं, मळका सदरा. लोक गप्प. मला वाटलं कोणाला काही समजणार नाही.

मागून एक आजोबा उठले. काठी टेकत पुढं आले. चादरीवर बोट ठेवलं. म्हणाले, "हा तुहा बाप. आन हा त्याच्या मागचा, चवथा, हा मी हावो."

मग ते चादरीसमोर उभे राहून बोलले. त्या रात्री बत्ती किती गरम होती. डोक्यावरची चुंबळ ओली करून घ्यायचे, ती अर्ध्या रस्त्यात सुकायची. कान भाजायचे. जेवण सर्वांत शेवटी, मंडपाच्या बाहेर, पत्रावळी घरून न्यायच्या. बाप वाटेत हळू आवाजात भीमगीत म्हणायचा, बँडच्या आवाजात कोणाला ऐकू जात नाही म्हणून. हे मायलाही माहीत नव्हतं. ती पदर तोंडाला लावून ऐकत होती.

जे टेपवर आलंच नाही ते उजळता येत नाही, असं भाऊ म्हणाले होते. टेपपुरतं ते खरं आहे. पण चौथा माणूस जिवंत होता, आणि आठ वर्षं मी त्याच्या दारावरून येत-जात होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या आजोबांच्या दारात कॅमेरा घेऊन बसलो. दोन तास. ते २०१६ मध्ये गेले.

दोस्तहो, तुमच्या वस्तीतही असा एक चौथा माणूस असेल. मोठी लेन्स मिळेल, प्रोजेक्ट मिळेल, मग करू, असं म्हणू नका. हातातला फोन घ्या. त्याची काच सदऱ्यानं नव्हे, मऊ सुती फडक्यानं पुसा. झूम करू नका, फोनचा झूम बहुतेक वेळा चित्र नुसतं कापतो. आधी सारी जागा दाखवा, घर, दार, रस्ता, कोणाचं काय कुठं आहे ते. मग चालत जवळ जा. पडद्यावर त्याच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा, उजेड चेहऱ्याला बांधला जातो. त्याला सांगा कायले काढतो ते. आणि मग तुम्ही गप्प बसा, त्याला बोलू द्या.

जयभीम.